दहा वर्षांची कमाई, आजच्या रुपयांत

शेअरचा भाव एका वर्षाच्या नफ्यावरून न जोखता दहा वर्षांच्या सरासरी कमाईवरून जोखायचा, आणि ती सरासरी काढण्याआधी प्रत्येक वर्षाची कमाई आजच्या रुपयांत आणायची. या पद्धतीविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच वाचकांनी गणित करून पाठवलं आहे आणि एकाच कंपनीची तीन वेगळी उत्तरं आली आहेत. भागाकार सगळ्यांचा बरोबर आहे. गफलत आकडे जमवताना झाली आहे. म्हणून उत्तरांत आकडे जमवण्यावरच जास्त जागा खर्च केली आहे.

प्रश्न : चालू पीई, म्हणजे भाव भागिले ताज्या वर्षाची प्रतिशेअर कमाई, रोज वर्तमानपत्रात आयता मिळतो. मग दहा वर्षं मागे जाण्याचा खटाटोप कशासाठी? (सातारा)

कारण ज्या धंद्यात नफा वर-खाली होतो, तिथे चालू पीई नेमका चुकीच्या वेळी स्वस्ताई दाखवतो. टाटा स्टीलचं उदाहरण घ्या. 2021-22 मध्ये पोलादाचे भाव जगभर चढले आणि कंपनीचा एकत्रित, म्हणजे उपकंपन्यांसह, नफा सुमारे 41,700 कोटी रुपये झाला. तेव्हाच्या दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरमागे कमाई 332 रुपयांच्या आसपास आणि मार्च 2022 अखेरीचा भाव 1,300 च्या आसपास, म्हणजे पीई चारच्याही किंचित खाली. पुढच्या वर्षी नफा सुमारे 8,000 कोटींवर आला आणि 2023-24 मध्ये सुमारे 4,900 कोटींचा तोटा झाला. चारच्या पीईमधली कमाई टिकणारी नव्हती. उलट तोट्याच्या वर्षात पीई निघतच नाही, आणि नफा अगदी तोकडा असेल तर तो 80-100 दिसतो. नेमका तेव्हाच शेअर पडेल भावात मिळत असतो.

एका वर्षावर विसंबू नका, निदान पाच आणि शक्यतो सात ते दहा वर्षांची सरासरी घ्या, हे बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 मध्येच सांगितलं होतं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल यांनी 1988 मध्ये ही कल्पना महागाईची दुरुस्ती करून अमेरिकेच्या संपूर्ण बाजाराला लावली. त्यातून आलेल्या गुणोत्तराला केप म्हणतात. दहा वर्षं घेतली की साधारणपणे तेजी-मंदीचं एखादं पूर्ण आवर्तन त्यात येतं. पण आपल्याकडे महागाईची दुरुस्ती केली नाही, तर सरासरी फारच खाली जाते. आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकाची 2015-16 ची सरासरी 124.7 आणि 2024-25 ची 192.6 आहे. म्हणजे 2015-16 मध्ये मिळालेला एक रुपया आजच्या दीड रुपयाहून थोडा जास्त भरतो. तो जुना रुपया जसाच्या तसा बेरजेत धरणं म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत मोजणं.

प्रश्न : गणित पायरी-पायरीने, प्रत्यक्ष आकडे घेऊन दाखवाल का? (पुणे)

दाखवतो. कंपनी कल्पित आहे, सिमेंटची समजा. महागाईचे आकडे मात्र खरे आहेत. भाव 880 रुपये.

प्रत्येक ओळीत क्रमाने वर्ष, प्रतिशेअर कमाई, त्या वर्षाची निर्देशांकाची सरासरी आणि 2024-25 च्या रुपयांत आणलेली कमाई.

2015-16 : 14 रु. : 124.7 : 21.62
2016-17 : 16 रु. : 130.3 : 23.65
2017-18 : 19 रु. : 135.0 : 27.11
2018-19 : 11 रु. : 139.6 : 15.18
2019-20 : 22 रु. : 146.3 : 28.96
2020-21 : 30 रु. : 155.3 : 37.21
2021-22 : 38 रु. : 163.8 : 44.68
2022-23 : 12 रु. : 174.7 : 13.23
2023-24 : 34 रु. : 184.1 : 35.57
2024-25 : 44 रु. : 192.6 : 44.00

शेवटचा आकडा काढायची रीत अशी: त्या वर्षाची कमाई गुणिले 192.6, भागिले त्या वर्षाचा निर्देशांक. पहिल्या ओळीत 14 गुणिले 192.6 भागिले 124.7, म्हणजे 21.62. दहा आकड्यांची बेरीज 291.21, सरासरी 29.12. भावाला या सरासरीने भागलं की 30.2, हे झालं कंपनीचं केप. चालू पीई 880 भागिले 44, म्हणजे 20. महागाईची दुरुस्ती विसरून नुसती सरासरी काढली असती तर ती 24 आली असती आणि गुणोत्तर जवळजवळ 37. पत्रांतली तीन उत्तरं वेगळी येण्याचं पहिलं कारण इथे सापडेल.

आता 20 खरं मानायचं की 30? इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, केप पीईच्या दीडपट आहे, म्हणजे शेअर महाग. तसं लगेच म्हणता येत नाही. कंपनी वाढत असेल तर दहा वर्षांची सरासरी ताज्या कमाईपेक्षा कमी असणारच. ही तफावत आधीच मोजता येते. महागाई वजा जाता कमाई दरवर्षी 2 टक्क्यांनी वाढत असेल तर केप हे पीईच्या 1.09 पट येतं, 5 टक्क्यांनी वाढत असेल तर 1.23 पट आणि 10 टक्क्यांनी वाढत असेल तर 1.48 पट. आपल्या कंपनीत ते 1.51 पट आहे. म्हणजे कंपनी खरोखर दरसाल 10 टक्क्यांनी वाढत आली असेल तरच 44 रुपयांची कमाई तिच्या नेहमीच्या चालीत बसते.

ते तपासायला पहिल्या तीन वर्षांची सरासरी घ्या: 24.13. शेवटच्या तीन वर्षांची: 30.93. या दोन्हींच्या मध्यांत सात वर्षांचं अंतर आहे, तेव्हा वाढ दरसाल साधारण 3.6 टक्के. या वाढीला तफावत 1.17 पटीची शोभते. 29.12 ला 1.17 ने गुणलं की 34 रुपये. ही कंपनीची आजची सर्वसाधारण कमाई समजा. त्यावर 880 चा भाव 26 पट पडतो. तेव्हा पीई 20 सांगतो त्यापेक्षा शेअर महाग आहे, पण केप 30 सांगतं तितका नाही. 44 रुपयांतले जवळपास 10 रुपये चांगल्या वर्षाची देणगी आहेत.

एकट्या कंपनीसाठी आम्हाला हा 26 चा आकडा सगळ्यांत उपयोगी वाटतो. संपूर्ण बाजाराची वाढ सावकाश असते, म्हणून तिथे ही पायरी गाळली तरी चालते. एका कंपनीच्या बाबतीत ती गाळली तर प्रत्येक वाढती कंपनी महाग आणि प्रत्येक आटत चाललेली कंपनी स्वस्त दिसू लागते.

प्रश्न : महागाईसाठी प्राप्तिकर खात्याचा सीआयआय, म्हणजे खर्च महागाई निर्देशांक, वापरला. तो दर वर्षी आयता जाहीर होतो. चालेल ना? (नाशिक)

नाही. तो आकडा भांडवली नफ्यावरच्या करासाठी आहे. कायद्याप्रमाणे त्यात शहरी ग्राहक किंमत निर्देशांकातल्या सरासरी वाढीच्या 75 टक्केच वाढ धरली जाते, तीही आदल्या वर्षाची. 2015-16 चा सीआयआय 254 आणि 2024-25 चा 363, म्हणजे 1.43 पट. ग्राहक किंमत निर्देशांक त्याच काळात 1.54 पट झाला. सीआयआय वापरलात की जुनी कमाई कमी दिसते आणि शेअर उगाच महाग ठरतो.

घाऊक किंमत निर्देशांकही या कामाला घेऊ नका. तो कच्चं तेल, धातू आणि रसायनं यांच्या तालावर नाचतो. 2015-16 मध्ये घाऊक महागाई उणे 3.7 टक्के होती, त्याच वर्षी किरकोळ महागाई जवळपास 5 टक्के. 2021-22 मध्ये घाऊक 13 टक्के तर किरकोळ साडेपाच. लाभांशाचा रुपया भागधारकाच्या घरखर्चात जाणार आहे, म्हणून घरखर्चाचा निर्देशांक.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर 2012 = 100 या पायाची संयुक्त, म्हणजे ग्रामीण अधिक शहरी, मालिका आहे. ती 2011 च्या मागे जात नाही. त्याआधीची वर्षं हवी असतील तर लेबर ब्युरोची औद्योगिक कामगारांची मालिका घ्या. तिचा पाया बदलत आला आहे: 1982 वरून 2001 वर येताना जोडगुणक 4.63, 2001 वरून 2016 वर येताना 2.88. नव्या पायाच्या आकड्याला जोडगुणकाने गुणलं की तो जुन्या पायावर येतो. हे न करता दोन पायांचे आकडे शेजारी ठेवले, तर एका महिन्यात निर्देशांक जवळपास एक-तृतीयांशावर आल्यासारखा दिसतो. एका वाचकांच्या तक्त्यात सप्टेंबर 2020 ला नेमकं हेच झालं आहे.

आणि मार्च महिन्याचा निर्देशांक घेऊ नका. कमाई बारा महिन्यांची आहे, तर निर्देशांकही बारा महिन्यांच्या सरासरीचाच हवा.

प्रश्न : इन्फोसिसचं 2013-14 चं ईपीएस (प्रतिशेअर कमाई) वार्षिक अहवालात 186 रुपये दिसतं, 2024-25 चं 64 च्या आसपास आहे. कंपनीची कमाई एवढी घसरली? (ठाणे)

घसरली नाही. मधल्या काळात कंपनीने एकास एक बोनस तीनदा दिला: डिसेंबर 2014, जून 2015 आणि सप्टेंबर 2018. एका शेअरचे आठ झाले. 186 ला 8 ने भागा: 23 रुपये 30 पैशांच्या आसपास. 23 वरून 64, हा खरा प्रवास आहे. त्यावर महागाईची दुरुस्ती करायची.

नियम सोपा आहे. बोनस आणि स्प्लिट यांसाठी मागची सगळी वर्षं आजच्या शेअरसंख्येच्या मापाने भागायची. वार्षिक अहवालात फक्त मागच्या एका वर्षाचं ईपीएस सुधारून छापलेलं असतं. त्याआधीचं जुन्याच मापात राहतं. म्हणून दहा अहवाल उघडलेत तरी आकडे थेट उतरवून घेऊ नका. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर बोनस, स्प्लिट आणि राइट्सच्या तारखा मिळतात. त्या आधी कागदावर मांडा, मग मागच्या वर्षांना हात लावा. राइट्समध्ये आधीच्या भागधारकांना नवे शेअर बाजारभावापेक्षा स्वस्तात दिलेले असतात, म्हणजे त्यात थोडा बोनस दडलेला असतो. त्याचा गुणक राइट्सच्या आदल्या दिवसाचा भाव आणि राइट्सनंतरचा सैद्धांतिक भाव यांवरून निघतो. शेअर नव्या गुंतवणूकदारांना बाजारभावाने विकले असतील तर काहीही दुरुस्ती करायची नाही. प्रतिशेअर कमाईत ती वाढीव शेअरसंख्या आपोआप उतरते, आणि ती उतरलीच पाहिजे. म्हणूनच एकूण नफ्याला बाजारमूल्याशी भिडवण्यापेक्षा प्रतिशेअर आकडे घेणं बरं. दहा वर्षांत शेअरसंख्या दुप्पट झालेल्या कंपनीचा एकूण नफा वाढलेला दिसेल, पण तुमच्या वाट्याला आलेला तुकडा तेवढाच असेल.

याच ओघात आणखी एक. सगळी वर्षं एकाच प्रकारच्या हिशेबाची घ्या, आणि उपकंपन्या असतील तर एकत्रित हिशेबाचीच. अर्धी वर्षं स्टँडअलोन (उपकंपन्या न धरता) आणि अर्धी एकत्रित, अशी खिचडी बऱ्याच तक्त्यांत दिसली. निफ्टीच्या पीईची मागची मालिका वापरणाऱ्यांनीही जपावं. एनएसईने मार्च 2021 अखेरीस तो स्टँडअलोनवरून एकत्रित कमाईवर नेला आणि एका दिवसात तो 40 वरून 33 वर आला. बाजार तेवढा पडला नव्हता.

प्रश्न : नेस्ले इंडियाचं 2023-24 चं ईपीएस घेतलं तर नफा एकदम उडी मारतो. त्या वर्षी काय झालं? (मडगाव)

ते वर्ष पंधरा महिन्यांचं होतं. कंपनीचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर असे; तो एप्रिल-मार्चवर नेताना जानेवारी 2023 ते मार्च 2024 असा एकच कालखंड धरला गेला. त्यातून एप्रिल ते मार्चच्या चार तिमाह्यांची बेरीज करा; बारा भागिले पंधरा हा सरसकट गुणक कामचलाऊ आहे. शिवाय त्या काळातच, जानेवारी 2024 मध्ये, शेअरचं एकाचे दहा असं विभाजन झालं. दोन्ही दुरुस्त्या सुटल्या की तक्ता पार विस्कटतो. आधीची वर्षं कॅलेंडरची असल्यामुळे त्यांना निर्देशांकही जानेवारी-डिसेंबरचा लावायचा.

प्रश्न : एखाद्या वर्षी मोठा अपवादात्मक तोटा झाला असेल तर तो वगळावा का? तो कायम राहणारा नसतोच. (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर)

या प्रश्नावर जाणकारांत दोन तट आहेत. आमचं मत ठाम आहे: सरासरीत तो ठेवा.

दहा वर्षांची सरासरी घेतो तीच मुळी अशा घटना पोटात घेण्यासाठी. 2015 मध्ये मॅगी बाजारातून परत घ्यावी लागली तेव्हा नेस्ले इंडियाचा नफा आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आला. ती घटना पुन्हा तशीच घडणार नाही, पण दहा वर्षांत अशी काहीतरी घटना घडते. ती वगळणं म्हणजे पाऊस न पडलेली वर्षं सोडून पिकाची सरासरी काढणं. आणि अपवादात्मक तोटे काढून टाकणारे बहुधा अपवादात्मक नफे, जमीन विकून किंवा उपकंपनी विकून आलेले, तसेच ठेवतात. दोन्हींना एकच नियम लावा.

मात्र संपत्तीचं मूल्य पुस्तकात खाली आणल्याने झालेला तोटा आकाराने एवढा मोठा असू शकतो की सरासरीच निरर्थक होते. 2018-19 मध्ये टाटा मोटर्सचा तोटा सुमारे 28,800 कोटी होता. त्यात जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचं मूल्य घटवल्याचे सुमारे 27,800 कोटी होते. ती रक्कम त्या एका वर्षात बुडालेली नव्हती, आधीच्या कित्येक वर्षांत ती खर्च झाली होती. हिशेबात तेव्हा आली. अमेरिकेत 2008 मध्ये एआयजी या एकाच विमा कंपनीच्या सुमारे 99 अब्ज डॉलरच्या तोट्याने सगळ्या निर्देशांकाची कमाई खाली ओढली, आणि पुढची दहा वर्षं बाजाराचं केप फुगलेलं दिसण्यामागे असे तोटे होते, असा अर्थतज्ज्ञ जेरेमी सीगल यांचा आक्षेप आहे. तो अनाठायी नाही.

अशा वेळी दोन सरासऱ्या काढा. एकीत तोटा जसाच्या तसा, दुसरीत तो त्या वर्षासह मागच्या पाच वर्षांवर सारखा वाटलेला. पैसे खरोखर ज्या काळात गेले त्या काळात ते दिसतात, आणि गायबही होत नाहीत. दोन्ही उत्तरांत फार फरक नसेल तर निश्चिंत राहा. फरक मोठा असेल तर त्या कंपनीला हे माप लावूच नका. सरासरीच उणे आली, तरीही हेच.

कराचंही सांगायला हवं. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांवरचा कर जवळपास 34.9 टक्क्यांवरून, सवलती सोडणाऱ्यांसाठी, 25.17 टक्क्यांवर आला. करापूर्वीचा नफा तोच असताना हातात उरणारी रक्कम 15 टक्क्यांनी वाढली. पूर्ण दराने कर भरणाऱ्या कंपनीची 2018-19 पर्यंतची कमाई 1.15 ने गुणून घेतली तर तुलना सरळ होते. पण आधी नफा-तोटा पत्रकात करापूर्वीचा नफा आणि कर यांचं प्रमाण पाहा. सवलतींमुळे जी कंपनी आधीच 24-25 टक्के भरत होती, तिला ही वाढ द्यायची नाही.

प्रश्न : आमच्याकडे साखरेचे शेअर घेणारे पुष्कळ. साखर म्हणजे चढउताराचा धंदा, तिथे हे माप चपखल बसेल ना? (कोल्हापूर)

चढउतारापुरतं बसतं. ऊस जास्त, साखर जास्त, भाव खाली, थकलेली बिलं, मग लागवड कमी आणि भाव वर: असं चक्र दहा वर्षांत दोनदा तरी फिरतं आणि सरासरीत मावतं. शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचीच असते आणि साखरेचा भाव बाजार ठरवतो, म्हणून कारखान्याचा नफा दोन्हींच्या चिमट्यात सापडतो. या धंद्यात एका वर्षाच्या नफ्याला काडीचा अर्थ नसतो.

अडचण वेगळी आहे. दहा वर्षांपूर्वीचा कारखाना आणि आजचा कारखाना एकच धंदा करत नाहीत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं देशातलं प्रमाण 2013-14 मध्ये दीड टक्का होतं, 2022-23 मध्ये 12 टक्के झालं. ज्याने आसवनीत, म्हणजे इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलरीत, पैसे घातले, त्याची जुनी कमाई नव्या धंद्याचा अंदाज देत नाही. आणि हा नवा धंदाही धोरणावर टांगलेला आहे: डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने बंधनं आणली तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून इथे एकच सरासरी न काढता विभागवार आकडे घ्या. वार्षिक अहवालाच्या टिपांत साखर, आसवनी आणि सहवीज यांचा नफा वेगळा दिलेला असतो. साखर विभागाची दहा वर्षांची सरासरी, आजच्या रुपयांत. आसवनीची जेवढी वर्षं आजच्या क्षमतेच्या जवळपास गेली तेवढ्यांचीच. त्यातून व्याज आणि कर वजा करा आणि शेअरसंख्येने भागा.

साखर, सिमेंट, पोलाद या यंत्रसामग्रीच्या धंद्यांत आणखी एक छुपी गळती आहे. पुस्तकातला घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी नफ्यातून वजा होणारी रक्कम, जुन्या किमतीवर निघतो. वीस वर्षांपूर्वी बसवलेल्या बॉयलरचा घसारा तेव्हाच्या रुपयांत असतो, नवा बॉयलर मात्र आजच्या रुपयांत घ्यावा लागतो. त्यामुळे दाखवलेला नफा खऱ्यापेक्षा जास्त असतो, आणि आपण केलेल्या महागाईच्या दुरुस्तीने ते सुधारत नाही. दहा वर्षांचा घसारा आणि दहा वर्षांत यंत्रांवर प्रत्यक्ष झालेला खर्च, दोन्ही आजच्या रुपयांत आणून बेरजा शेजारी ठेवा. क्षमता फारशी न वाढताही खर्च घसाऱ्याच्या दीडपट असेल, तर ती वरची रक्कम कमाईतून वजा करूनच पुढे जा.

प्रश्न : अमेरिकेत केप 30 च्या वर गेलं की मंदी येते असं वाचलं. इथली बचत काढून भारतात गुंतवण्यासाठी हा निकष धरू का? (एडिसन, न्यू जर्सी)

तारीख ठरवायला हे माप निकामी आहे. शिलर यांच्या 1871 पासूनच्या मालिकेत केप 1929 मध्ये 30 च्या वर, ऑगस्ट 1982 मध्ये 7 च्या खाली, डिसेंबर 1999 मध्ये 44 आणि मार्च 2009 मध्ये 13 च्या आसपास होतं. या टोकांना त्याने बरोबर सांगितलं. पण डिसेंबर 1996 मध्ये शिलर आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे बाजार महाग असल्याचं मांडलं, तेव्हा केप 28 च्या आसपास आणि तिथला शेअर निर्देशांक एस अँड पी 500 साधारण 745 वर होता. पुढे तो मार्च 2000 मध्ये 1,527 वर गेला. तीन वर्षांहून अधिक काळ इशारा खोटा वाटला. मार्च 2009 मध्ये तोच निर्देशांक 676 वर बंद झाला, 1996 च्याही खाली. दहा-बारा वर्षांच्या परताव्याविषयी माप बोलतं. पुढच्या वर्षाविषयी ते गप्प असतं.

दोन देशांची केप शेजारी ठेवून पैसे हलवणंही बरोबर नाही. महागाई, वाढीचा वेग, कंपन्यांची जातकुळी आणि हिशेबाचे नियम सगळंच वेगळं. भारताचं केप भारताच्या इतिहासाशीच पडताळा. रुपयाची घसरण हा तुमच्यासाठी तिसरा हिशेब आहे, तो यात कुठेच येत नाही.

प्रश्न : शेवटी किती आकडा म्हणजे स्वस्त? (सोलापूर)

सगळ्या कंपन्यांना लागू पडेल असा आकडा नाही. करता येतं ते एवढं. त्याच कंपनीचं केप मागच्या आठ-दहा वर्षांत दर वर्षी काढा. त्यासाठी अठरा-वीस वर्षांची कमाई लागेल. प्रत्येक वर्षी तेव्हा उपलब्ध असलेलेच आकडे वापरा. मार्चअखेरचे लेखापरीक्षित निकाल द्यायला कंपनीला 60 दिवस असतात, म्हणून भाव जूनमधला घ्या. 31 मार्चच्या भावाला मे महिन्यात कळलेला नफा लावला तर तुम्ही भविष्य पाहून गणित करत आहात. आजचं केप त्या पट्ट्यात कुठे पडतं ते पाहा.

दुसरी कसोटी उलट भागाकाराची. आमच्या सिमेंट कंपनीत सर्वसाधारण कमाई 34 आणि भाव 880, म्हणजे महागाई वजा जाता 3.9 टक्के. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर समजा 6.8 टक्के मिळतात आणि महागाई रिझर्व्ह बँकेच्या उद्दिष्टाप्रमाणे 4 टक्के राहिली, तर तिथले खरे 2.8 टक्के. शेअरची जोखीम घेऊन वर मिळतो तो जेमतेम एक टक्का. कंपनी नफ्याचा मोठा भाग धंद्यात परत घालून चांगला परतावा मिळवत असेल तर हा एक टक्का पुरेसा ठरू शकतो. नफा परत घालूनही दहा वर्षांत खरी वाढ 3.6 टक्केच असेल, तर आम्ही थांबू.

प्रश्न : बाजारात येऊन चारच वर्षं झालेल्या कंपनीला हे लावता येईल का? (अमरावती)

नाही. शेअर पहिल्यांदा विकताना काढलेल्या माहितीपत्रकात (प्रॉस्पेक्टसमध्ये) तीन वर्षांचे आकडे असतात, ते धरून सात वर्षं होतील. पण विक्रीला काढण्याआधीची तीन वर्षं बहुधा निवडक चांगली असतात. त्याच धंद्यातल्या, दहा वर्षं जुन्या दोन-तीन कंपन्यांचं दहा वर्षांचं सरासरी नफ्याचं प्रमाण काढा, म्हणजे विक्रीच्या शंभर रुपयांमागे किती उरतात ते. ते या नव्या कंपनीच्या आजच्या विक्रीला लावा. निघेल तो नफा तिच्या छापील नफ्याच्या निम्मा असेल, तर भाव कोणत्या नफ्यावर लावला आहे ते तुम्हाला दिसेल.